चार्ली वॉट्स: ठेका कोणी धरला, घर कोणी धरलं?

कट्ट्यावर विषय निघाला रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या ड्रमरचा, चार्ली वॉट्सचा, आणि आमच्यातल्या वकिलाने पहिल्याच वाक्यात काडी टाकली. "साधा ड्रमर होता रे. दुसऱ्या कुठल्या बँडमध्ये असता तर कोणी विचारलंही नसतं."

मास्तर तबला शिकवतात. ते ऐकून घेतील हे शक्यच नव्हतं.

"१९६३च्या जानेवारीत आला आणि २०२१च्या ऑगस्टमध्ये गेला, तोवर त्या जागेवर तोच. एवढी वर्षं ठेका धरून बसणं तुला साधं वाटतं?"

"टिकणं वेगळं, मास्तर. त्याचे लांबलचक सोलो दाखवा ना मला. त्याच्या पिढीतले बाकीचे कसे ड्रमचा डोंगर मांडून बसायचे!"

"तो चार ड्रम आणि मोजक्या झांजा घेऊन स्टेडियम सांभाळायचा," असं म्हणून मास्तरांनी कट्ट्याच्या दगडावरच वाजवून दाखवलं. उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, सलग चाललेला असतो, आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेला डावा स्नेअरवर, म्हणजे कडक आवाजाच्या ड्रमवर, पडतो. बहुतेक ड्रमर त्या क्षणीही उजवा चालूच ठेवतात. चार्ली तो उचलून घ्यायचा. एवढ्याशा जागेत स्नेअरचा ठोका एकटा, मोकळा ऐकू येतो. आम्ही दगडावर दोन्ही प्रकार ऐकले. फरक मलासुद्धा कळला. डावी काठी धरायची पद्धतही त्याची जॅझवाल्यांची. जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर हे त्याचं दैवत, आणि स्टोन्समधून सवड मिळाली की तो स्वतःचे जॅझचे ताफे घेऊन वाजवायचा.

"आणि ऐकायचा कोणाचं? बँडमधल्या कीथ रिचर्ड्सच्या गिटारचं. विलंबित ख्यालाला साथ करणारा तबलजी जसा गवयाकडे कान लावून बसतो, तसं."

"मग त्यांच्या 'होंकी टाँक विमेन' गाण्याची लय शेवटाला वाढलेली का असते?" वकिलाने बरोबर नेम धरला.

"वाढते. पण सगळे मिळून वाढतात, कोणी मागे राहत नाही. घड्याळ हवं असेल तर घड्याळ घे!"

मला वादनापेक्षा माणसाबद्दल बोलायचं होतं. १९६४ साली, बँडचं नाव गाजू लागलेलं असताना, त्याने शर्लीशी लग्न केलं आणि मरेपर्यंत ते टिकलं. रॉकच्या दुनियेत, भोवती सगळा धुमाकूळ चालू असताना! १९६७पासून तर दौऱ्यावर ज्या हॉटेलात झोपायचा तिथल्या पलंगाचं चित्र काढायचा. मुळात तो जाहिरातींसाठी चित्रं काढणारा माणूस. जगभर फिरून त्याने वह्या भरल्या त्या पलंगांच्या चित्रांनी. घरची ओढ असलेल्या माणसाचंच हे काम, असं मी म्हणालो.

"कुटुंबवत्सल, असंच ना?" इतका वेळ गप्प असलेली ताई म्हणाली. "पलंग मोजत हा जगभर, आणि घरी कोण होतं? १९६८ला मुलगी झाली, ती कोणी वाढवली? इंग्लंडात डेव्हनला अरबी घोड्यांची पैदास केली ती शर्लीने. शिल्पकला शिकलेली बाई होती ती. तुमच्या आठवणीत ती फक्त 'टिकलेलं लग्न' एवढीच?"

वकील लगेच ताईच्या बाजूने झाला. "ऐंशीच्या दशकात दारू आणि ड्रग्जच्या नादी लागला होता तुमचा घरगुती माणूस."

हे खरंच आहे, आणि ते झाकून त्याची आठवण काढू नये असं माझं मत. चाळिशी ओलांडल्यावर, बाकीच्यांचा भर ओसरला तेव्हा हा घसरला. संसार मोडायची वेळ आली होती. मग सुटला त्यातून. मला तो या घसरण्यासकट जास्त जवळचा वाटतो. पण ताईचं म्हणणं मला खोडता आलं नाही. दर दौऱ्यानंतर "आता बास" म्हणणारा हा माणूस पुन्हा निघायचाच, आणि त्याला निघता यायचं कारण मागे घर कोणीतरी धरून होतं. मास्तर साथसंगतीबद्दल जे बोलत होते ते शर्लीलाही लावायला हवं. मास्तरांना हे पटलं. वकिलाला नाही, त्याचं म्हणणं, तिची मर्जी तिलाच ठाऊक, आपण कशाला तिला त्यागमूर्ती करायचं? ताई म्हणाली, त्यागमूर्ती नको, नाव घ्या म्हणजे झालं.

'साधा' हा शब्द वकिलाने अजून मागे घेतलेला नाही. रविवारी मास्तर त्याला हेडफोन लावून बसवणार आहेत.