मावशी, त्या मेसेजसाठी एफडी मोडू नका

‘तुमचं पुस्तक फक्त ३० दिवसांत!’ असा, लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या एका कंपनीचा मेसेज महिनाभर ठाणे-नवी मुंबईतल्या ग्रुपांवर फिरतोय. ज्येष्ठ नागरिक संघ, योगवर्ग, सोसायटीचा गणेशोत्सव, एकही ग्रुप सुटलेला नाही. तो नेरूळच्या आमच्या मावशींपर्यंत पोचला, तिथवर ठीक होतं. पण ६० हजारांच्या पॅकेजसाठी त्यांनी एफडी मोडायचं काढलं, तेव्हा उत्तर लिहिणं भागच पडलं.

मेसेजात सात मुद्दे आहेत. प्रकाशकांचे दिवस संपले. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, मिळवणं अवघड आणि खर्चिक, तो आम्ही फ्री देतो, मात्र त्यासाठी कॉपीराइट कंपनीच्या नावे करावा लागतो, ‘तसा कायदाच आहे’. लेखकाला १०० टक्के रॉयल्टी. हजार प्रती छापल्या की स्वस्त. पीडीएफ किंडलवर टाकली की घरबसल्या ७० टक्के. आयएसबीएन असला की सरकार वाचनालयांसाठी प्रती घेतंच. आणि ‘बेस्टसेलर’ची गॅरंटी. खाली ताजा कलम: हस्तलिखित स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवा, पाकीट फोडू नका, कॉपीराइट फुकट!

म्हणजे वर कॉपीराइट कंपनीला द्यायचा आणि खाली तोच पाकिटात जपून ठेवायचा. लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज तरी वाचला होता का?

ताजा कलम आधी निकालात काढू. मजकूर लिहिला गेला त्या क्षणी कॉपीराइट लेखकाचा होतो, त्यासाठी काहीही कुठेही पाठवावं लागत नाही. बंद पाकिटावरचा शिक्का फक्त पाकिटाची तारीख सांगतो. उघडं पाकीटही पोस्टाने पाठवून मागून मजकूर भरता येतो, हे कोणत्याही वकिलाला कळतं. पक्का पुरावा हवा असेल तर कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज करा. साहित्यकृतीला फी ५०० रुपये. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, मग तपासणी. ही नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते. नोंदणी ऐच्छिक आहे. आणि ज्या रजिस्टर पोस्टाचा हवाला दिलाय ते २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीनसुद्धा झालं.

आता खरं विष: ‘कॉपीराइट द्यावाच लागतो, तसा कायदाच आहे.’

कायदा आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७. त्याचं १९वं कलम मात्र नेमकं उलट सांगतं, आणि ते मूळ इंग्रजीत दहा मिनिटांत वाचून होतं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर करार लेखी हवा, त्यावर लेखकाची सही हवी. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि लेखकाला रॉयल्टी किंवा मोबदला किती, हे त्यात लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाचच वर्षांचं धरायचं. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर हस्तांतर गळून पडतं, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. ‘द्यावाच लागतो’ असं यात कुठेही नाही.

म्हणूनच पॅकेजवाल्यांच्या करारात एक ठरावीक वाक्य सापडतं: ‘लेखक सदर पुस्तकाचे सर्व हक्क, सर्व भाषांत व सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी प्रकाशकास देत आहे.’ एकेक शब्द बघा. ‘सर्व हक्क’ म्हणजे छापील, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, नाट्य-चित्र रूपांतर, हे पाचही वेगवेगळे विकता येणारे हक्क एकाच सहीत गेले. ‘सर्व माध्यमांत’चा अर्थ असा की, ऑडिओबुक उद्या दुसऱ्या कुणी काढायचं म्हटलं तर परवानगी लेखिकेची नव्हे, कंपनीची लागणार. ‘कायमस्वरूपी’ म्हणजे कॉपीराइट असेपर्यंत, लेखकाचं आयुष्य आणि त्यानंतर ६० वर्षं. कायद्याने पाच वर्षांचं कुंपण घातलंय, ते हा एक शब्द उडवतो. शेवटच्या पानावर बारीक टायपात ‘कलम १९(४) लागू होणार नाही’ असं दिसलं तर पेन खाली ठेवायचं, कारण वर्षभराची ती सोय काढून घेतल्याची ती कबुली आहे. आणि हे सगळं स्वतः पैसे मोजून! प्रकाशक स्वतःचे पैसे घालतो तेव्हा तो निदान काही मागू शकतो. इथे छपाई तुमची, जोखीम तुमची, मालकी त्यांची.

ते वाक्य खोडून त्या जागी लिहायचं ते असं: ‘मराठी छापील आवृत्ती काढण्याचा परवाना, भारतापुरता, ३ वर्षांसाठी, अनन्य नाही.’ हस्तांतर नको, परवाना द्या, म्हणजे मालकी तुमचीच राहते; आणि ‘अनन्य नाही’ म्हणजे तसाच परवाना दुसऱ्यालाही देता येतो. सोबत आणखी तीन गोष्टी लिहून घ्या. मांडणीची मूळ फाइल आणि मुखपृष्ठाची लेयर असलेली फाइल लेखकाला मिळेल, नुसती पीडीएफ नव्हे. विक्रीचा हिशेब दर सहा महिन्यांनी मिळेल. मुदत संपल्यावर उरलेल्या प्रती छपाईखर्चात लेखकाला मिळतील. मूळ फाइल हातात नसेल तर दुसऱ्या आवृत्तीला टाइपसेटिंगपासून पुन्हा पैसे, आणि गिऱ्हाईक तिथेच परत येतं.

आयएसबीएनचा तर यात संबंधच नाही. भारतात तो राजा राममोहन राय यांच्या नावाची दिल्लीतली राष्ट्रीय एजन्सी देते, शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. पोर्टलवर लेखकाला स्वतः नोंदणी करता येते, फी शून्य. ‘फ्री देतो’ म्हणजे फुकट मिळणारी वस्तू फुकट देतो. कंपनीच्या खात्यातला क्रमांक घेतलात तर नोंदीत प्रकाशक म्हणून त्यांचं नाव बसतं. चुका होतात त्या साध्या: अर्जातलं शीर्षक एक आणि शीर्षकपानावर दुसरं, किंवा पुस्तक मशीनवर चढल्यावर अर्ज. क्रमांक हक्कपानावर आणि बारकोड मलपृष्ठावर छापायचा असतो, म्हणून शेवटचं प्रूफ चालू असतानाच अर्ज टाका. छापील आणि ई-बुकला वेगळे क्रमांक. बदल न करता पुनर्मुद्रण केलं तर जुनाच चालतो.

‘सरकार प्रती घेतंच’ या अफवेचं मूळही बहुधा राममोहन रायच. कोलकात्यात त्यांच्याच नावाचं ग्रंथालय प्रतिष्ठान आहे, १९७२ सालचं. ते ग्रंथालयांना मदत देतं, तीही निवड होऊन. दिल्लीचं कार्यालय फक्त क्रमांक देतं. नाव एक, कामं दोन. महाराष्ट्रात ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथयादी असते, तिच्यातही निवड होते. नंबरप्लेट लावली म्हणून सरकार गाडी विकत घेत नाही. उलट १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशन झाल्यापासून ३० दिवसांत प्रकाशकाने स्वखर्चाने चार प्रती द्यायच्या असतात: कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक. प्रकाशक तुम्हीच असाल तर हे काम तुमचंच.

आता १०० टक्के रॉयल्टी. कशाच्या शंभर टक्के, ते मेसेजात नाही. हिशेब मांडून बघा. पुस्तक १७६ पानांचं, किंमत २५० रुपये धरा. वितरक आणि दुकानदार मिळून ४० ते ५० टक्के घेतात. मधला आकडा ४५ धरला तर ११२ रुपये ५० पैसे गेले, उरले १३७.५०. मागणीनुसार एकेक प्रत छापायचा खर्च ११० रुपये धरा. शिल्लक २७ रुपये ५० पैसे. त्याचे शंभर टक्के तुमचे. म्हणजे किमतीच्या ११ टक्के! साधा प्रकाशक एक पैसा न घेता १० ते १५ टक्के देतो. पॅकेजचे ६० हजार वसूल व्हायला २,१८२ प्रती खपाव्या लागतील. मराठीत पाचशेची आवृत्ती संपली की पेढे वाटतात.

स्वतः छापण्यात पैसा सुटतो तो वितरकाकडून नव्हे, थेट विक्रीत. तीच प्रत वाचकाला २०० रुपयांत दिली, छपाईचे ११० गेले, टपालाचे २० आणि वर थोडा कर गेला, तर पॅकिंग धरून साठेक रुपये राहतात. टपाल इतकं स्वस्त पडतं ते ज्ञान पोस्टामुळे, १ मे २०२५ पासून सुरू झालेलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००, कर वेगळा. जातं जमिनीमार्गे, म्हणून वेळ लागतो, पण माग काढता येतो. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं आणि पाकिटात जाहिरातीचं पत्रक कोंबायचं नाही.

हजार प्रतींचं गणित पॅकेजवाला अर्धंच सांगतो. डेमी १/८ या पुस्तकाच्या आकारात एका फॉर्मात, म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेल्या एका तावात, १६ पानं बसतात. १७६ पानं म्हणजे ११ फॉर्म, आणि डेमी मशीनवर तावाच्या प्रत्येक बाजूला एक अशा २२ प्लेटा. शंभर छापा नाहीतर हजार, प्लेटांचा आणि मशीन लावण्याचा खर्च तोच, म्हणून प्रतीमागे दर उतरतो हे खरं. पण हजार प्रतींना ११ हजार ताव लागतात, म्हणजे पाचशे तावांची २२ रिमं, वाया जाणारे वेगळे. ७० जीएसएम कागदावर एक प्रत भरते साधारण २०० ग्रॅम. हजारांचे झाले २०० किलो. वागळे इस्टेटमधून टेंपो निघाला की नौपाड्यातल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते चढवायचे, आणि पहिल्या पावसाळ्यात दिवाणाखालच्या गठ्ठ्यांना ओल धरते. तीनशे-चारशेच्या खाली डिजिटल, म्हणजे प्लेटांशिवायची, छपाईच परवडते. आधी शंभर काढा. त्यातल्या चुका वाचक सांगतीलच, मग पुढच्या शंभर.

किंडल, म्हणजे अ‍ॅमेझॉनचं ई-बुकांचं दुकान. मराठी ई-बुकं २०१६ पासून तिथे घेतात, पण पीडीएफ नव्हे, वर्ड किंवा ईपब ही ई-बुकाची फाइल, तेही युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होते त्या कोडिंगमध्ये. ७० टक्के भारतातल्या विक्रीवर तेव्हाच, जेव्हा पुस्तक केडीपी (अ‍ॅमेझॉनची स्वतः पुस्तक काढायची सेवा) सिलेक्ट या योजनेत टाकलेलं असतं, म्हणजे ९० दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेही द्यायचं नाही. नाहीतर ३५ टक्के. हे मेसेजात गाळलंय. छापील प्रतीसाठी केडीपीच्या भरवशावर राहू नका, ती सेवा अ‍ॅमेझॉनच्या भारतीय दुकानाला जोडलेली नाही.

खरी गंमत जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये येताना होते. बहुतेक मराठी डीटीपी, म्हणजे संगणकावरची पानांची जुळणी, अजून जुन्या, स्वतःच्या कोडिंगच्या फॉन्टमध्ये होतं. कन्व्हर्टरमधून काढलं की पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते आणि र-य ची जोडी बिघडते. ‘आचार्यांचा सत्कार’ होता, झाला ‘आचाऱ्यांचा सत्कार’. विनोबांवरचा लेख स्वयंपाक्यांवर गेला. ‘दर्या’चं ‘दऱ्या’ होतं आणि समुद्राच्या जागी डोंगर येतात. स्पेलचेक हे पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. फाइलमध्ये ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ दोन्ही शोधायचे आणि सापडलेली प्रत्येक जागा डोळ्याने बघायची. दुसरा मार्ग नाही. आणि ल, श मराठी वळणाचे आहेत ना तेही बघा, फॉन्ट हिंदी वळणाचा निघाला तर पान वाचताना कुठेतरी खटकत राहतं.

‘बेस्टसेलर’वर वेळ घालवत नाही. दुकानाच्या साइटवरचा क्रम दिवसातून अनेकदा बदलतो. आडबाजूच्या एखाद्या उपवर्गात पुस्तक टाकून दहा नातेवाइकांनी एकाच दुपारी मागवलं की पहिला नंबर, त्याचा स्क्रीनशॉट म्हणजे गॅरंटी. त्या दहा प्रतींच्या पैशात वीसेक अभिप्राय-प्रती निघतात. दिवाळी अंकांच्या संपादकांना, वाचनकट्ट्यांना, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला द्या. १८९३ पासून तिथे मराठी वाचणारी माणसं येतात, लाइक करणारी नव्हे. कार्यक्रमाच्या टेबलावर यूपीआयचा क्यूआर आणि सुटे पैसे, दोन्ही ठेवा.

आणि प्रकाशकांचे दिवस संपले? नाहीत. पण मेसेज या एका जागी अगदीच खोटा नाही, हे जड मनाने मान्य. हस्तलिखित सहा-सहा महिने पडून राहतं, उत्तर येत नाही. रॉयल्टीचं पत्रक मागितलं की लेखकच कटकट्या ठरतो. पन्नास प्रती स्वतः छापून घेता येणं ही खरीच सोय झाली. पहिलंच पुस्तक असेल तर राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, त्यांची जाहिरात येते, हस्तलिखितांतून निवड होते. तिथे वयाने नव्हे, पुस्तकाने नवं असायचं.

मावशींचं पुस्तक त्यांच्या शाळेवर आहे, आणि त्यात जागोजागी मुख्याध्यापकांना ‘आचार्य’ म्हटलंय. फाइल जुन्या फॉन्टमध्ये आहे. आधी ते एकेक तपासायचे.