विंडोज ७ वर ब्राउझर चालतो. त्या लिंकवरची फाइल टाकू नका

‘विंडोज ७ वर आता कुठलाच ब्राउझर चालत नाही. खालच्या लिंकवरून नवीन क्रोम घ्या, टाकताना अँटिव्हायरस बंद ठेवा, आणि साइट उघडताना इशारा आला तर अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन पुढे व्हा.’ हा मेसेज सध्या मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि छापखान्यांच्या ग्रुपवर फिरतोय. दादर-गिरगावातल्या डीटीपीवाल्यांनी विंडोज ७ ची मशीन हौसेने ठेवलेली नाहीत. पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमधली वर्षानुवर्षांची कामं आणि श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा जुना डोंगल (ते चालवायला कॉम्प्युटरला जोडायची किल्ली) त्यांच्यावर चालतो म्हणून ठेवली आहेत. अशा अडलेल्या माणसाला हा मेसेज खड्ड्यात ढकलतो, याची मला चीड येते.

‘कुठलाच ब्राउझर चालत नाही’ हे मुळातच खोटं. विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून विंडोज १० लागतं. मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझरही १०९ वरच थांबला. फायरफॉक्सचं तसं झालं नाही. जुलै २०२३ मधल्या ११५ ची ईएसआर (जास्त काळ सुरक्षा अपडेट मिळणारी) आवृत्ती फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने विंडोज ७ आणि ८ साठी पुढेही चालू ठेवली, तिची मुदत वारंवार वाढवली. ती मोझिलाच्याच साइटवरून घ्या. विंडोज ३२ बिटचं असेल तर ६४ बिटचा इन्स्टॉलर चालणार नाही, तेवढं आधी बघा. मशीनवर ११५.१३ च्या आधीची ईएसआर पडून असेल तर अपडेट कराच. तिच्यातलं एक मूळ सर्टिफिकेट (खरेपणाचा डिजिटल दाखला) १४ मार्च २०२५ ला संपलं, त्यामुळे अ‍ॅड-ऑन (ब्राउझरला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) बंद पडतात.

मग लिंकवरचं ‘नवीन क्रोम’ काय आहे? गूगल ते विंडोज ७ साठी बनवतच नाही. म्हणजे ती एकतर नाव बदललेली जुनी आवृत्ती, नाहीतर कुणीतरी फेरफार केलेली फाइल. असे फेरफार उघडपणे, स्वतःच्या नावाने करणारेही आहेत. पण जो नाव सांगत नाही आणि वर अँटिव्हायरस बंद करायला लावतो, त्याच्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? इन्स्टॉलरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्सचा टॅब बघा. फायरफॉक्सच्या फाइलवर तिथे मोझिला कॉर्पोरेशनचं नाव असतं. ब्राउझर म्हणून आलेल्या फाइलला तो टॅबच नसेल तर ती सरळ डिलीट करा.

सगळ्यात घातक सल्ला इशारा ओलांडून पुढे जाण्याचा. प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे ती साइट खरी असल्याच्या दाखल्याला, सुरुवातीची आणि संपण्याची तारीख असते, आणि ब्राउझर ती मशीनच्या घड्याळाशी ताडून बघतो. जुन्या मशीनमधला मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल उतरला की मेन स्विच बंद केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग आजचं सर्टिफिकेट ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं मशीनला वाटतं, आणि धडधाकट साइटवरही इशारा येतो. क्रोम तर कित्येकदा ‘युवर क्लॉक इज बिहाइंड’ असं स्पष्ट लिहितो, पण वाचतो कोण! खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा, दुरुस्त करा, पान पुन्हा उघडा. रोज सकाळी तारीख पुन्हा चुकत असेल तर सेल बदला. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल तर त्या साइटवर पासवर्ड टाकू नका.

फायरफॉक्स टाकला म्हणजे मशीन सुरक्षित झालं, असं मात्र मी म्हणत नाही. विंडोज ७ चा नेहमीचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, पैसे भरून मिळणारे अपडेटही जानेवारी २०२३ मध्ये थांबले. खालची सिस्टिमच उघडी आहे, म्हणून बँकेचे व्यवहार त्या मशीनवर नकोत.

ज्यांनी ती फाइल आधीच चालवली आहे त्यांनी आधी मशीनचं नेट काढावं, आणि त्या ब्राउझरमध्ये टाकलेले सगळे पासवर्ड फोनवरून आजच बदलावेत, ईमेलचा सर्वांत आधी.