माळा घ्या, माळा!

रत्नागिरीत फ्लॅट घ्यायचं मनात असेल तर आधी एक करा, माळ्याला माळा म्हणायचं सोडा. त्याला लॉफ्ट म्हणतात. माळ्यावर फणसाच्या आठळ्या असतात, गेल्या गणपतीच्या मखराच्या पट्ट्या असतात, मांजरीची पिल्लं असतात. लॉफ्टमध्ये तुम्ही असता, आणि त्याचा एक कोटीच्या वर आकडा होतो. पार्किंग वेगळं.

जाहिरातीत ‘टिळक आळीच्या ऐतिहासिक परिसरात’ असं असेल तर शंका घेऊ नका. आळी ऐतिहासिक आहेच. 1856 साली लोकमान्य जिथे जन्मले ते कौलारू घर अजून जपून ठेवलेलं आहे. ते एक जपलं म्हणजे शेजारपाजारची पाडायला मोकळीक मिळाली, असं धरून चालायचं. एक जुनं घर असलं की परिसर ऐतिहासिक दिसतो. दहा असली की नुसता जुनाट दिसतो, आणि जुनाटाला दर मिळत नाही.

लॉफ्टचं मूळही माहीत असू द्या, पाहुण्यांना सांगायला बरं. न्यूयॉर्कच्या सोहो भागात कारखाने आणि गोदामं ओस पडली, तेव्हा 1960 च्या सुमारास फाटक्या खिशाचे चित्रकार तिथे बेकायदा राहू लागले. भाडं कमी, छत उंच, उजेड भरपूर. 1971 मध्ये कलाकारांना तिथे राहायची रीतसर परवानगी मिळाली. मग श्रीमंतांना ती जागा आवडली आणि बऱ्याच चित्रकारांना ती परवडेनाशी झाली. आपल्याकडे चित्रकारांचा हा मधला टप्पा वगळून थेट शेवटाला हात घातला आहे. वेळ वाचतो. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत मात्र लॉफ्ट म्हणजे सामान ठेवायची जागा, उंची जास्तीत जास्त दीड मीटर. म्हणजे सरकार आणि माझी आत्या यांचं या एका बाबतीत एकमत आहे. हे विक्रीच्या ऑफिसात बोलून दाखवू नका, तिथल्या मुलीला वाईट वाटतं.

भिंतीकडे नीट बघा. ‘अस्सल जांभा’ म्हणून दाखवतात ती अर्ध्या इंचाची टाईल असते, काँक्रीटवर चिकटवलेली. अस्सल चिरे जुनं घर पाडताना ट्रकमधून गेले. कुठे गेले ते विचारायचं नाही. टाईल बरी, चिऱ्याला निदान दीड फूट जागा लागते आणि ती कार्पेट एरियातून जाते.

दिवाणखान्याला दुप्पट उंची आणि समोर अख्खी काच, हा लॉफ्टचा प्राण. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही, समुद्रावरून आडवा येतो. आमच्या आजोबांना हे कळत होतं, म्हणून ते मिरगाच्या आधी कौलं परतून घ्यायचे आणि पडवीला माडाच्या पानांची झापं बांधायचे. पण झापं बांधली की सी व्ह्यू जातो. तेव्हा तुम्ही काचेआड बसून पाऊस बघा आणि मधूनमधून उठून फरशीवरचं पाणी पुसा. बिजागऱ्यांना खारी हवा लागली की गंज चढेल, त्याला रस्टिक म्हणायचं. अठरा फुटांवरची कोळिष्टकं काढायला बांबूला झाडू बांधावा लागेल. तो बांबू ठेवायला घरात जागा नसेल, कारण माळा नाही.

ताब्याची घाई करू नका. थिबा राजाचा आदर्श ठेवा, त्याचा राजवाडा ब्रोशरच्या दुसऱ्या पानावर आहेच. इंग्रजांनी त्याला ब्रह्मदेशातून उचलून 1886 साली रत्नागिरीत आणलं आणि राजवाडा मिळाला 1910 मध्ये. चोवीस वर्षं बिचारा दुसऱ्यांच्या बंगल्यांत राहिला. तुम्ही दोन वर्षं उशीर झाला की महारेराकडे धावता. राजा पुढे सहा वर्षांनी, 1916 साली वारला. म्हणजे रत्नागिरीत एकूण तीस वर्षं, तेवढ्यातच तुमचं कर्जही फिटतं. त्यालाही खिडकीतून समुद्र दिसायचा, आणि त्यालाही हवं तेव्हा निघून जाता येत नव्हतं.

आता एवढे पैसे आणायचे कुठून? सोपं आहे. आजोबांचं घर विकायचं. आम्ही तेच केलं. प्रॉपर्टी कार्डावर सतरा नावं होती. सहाजण वारलेले, चार डोंबिवलीला, एक अमेरिकेत आणि उरलेले सहा एकमेकांशी बोलत नव्हते. विहिरीच्या पाळीवरून तीस वर्षं अबोला. गळकं कौल बदलायचं म्हटलं तर संमती मिळायची नाही, ‘माझा वाटा नाही त्या बाजूला.’ बिल्डर आला आणि महिनाभरात झाडून सगळे, वारलेल्यांचे वारस धरून, रजिस्ट्रार ऑफिसच्या एका बाकावर दाटीवाटीने बसले. एकमेकांना पेन दिलं. चहाचे पैसे द्यायला तर मारामारी. कोकणात भाऊबंदकी मिटवायची असेल तर कोर्टाचं नाव काढू नका, बुलडोझर बोलवा.

त्या जागेवर इमारत उभी राहिली तेव्हा सॅम्पल फ्लॅट बघायला आत्याला घेऊन गेलो. वय अठ्ठ्याऐंशी, गुडघे गेलेले, पण बघायचंच होतं. मुलगी गोड होती, ‘आजी, पाणी आणू?’ म्हणाली. आत्या काचेसमोर उभी राहिली, खाली बघितलं आणि म्हणाली, “इथे न्हाणीघर होतं गो आमचं.” मुलीने माहिती द्यायला सुरुवात केली होती, ती थांबली.

मग भिंतीपाशी गेलो. टाईलच्या जांभ्यावर लाकडी निसणी, म्हणजे शिडी, टेकवलेली, वरून पिवळा दिवा सोडलेला, पायऱ्यांवर घडी घातलेले मऊ टॉवेल. ‘व्हिंटेज आहे,’ मुलगी म्हणाली, ‘मालक घेणार असतील तर सोबत मिळते, थोडं एक्स्ट्रा.’ आत्याने टॉवेल बाजूला केला. तिसऱ्या पायरीला सुंभाचे वेढे होते, काळे पडलेले, गाठ डाव्या बाजूला. आजोबा डावरे होते. आत्याने गाठ चाचपली आणि माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही.

तुम्ही तो फ्लॅट घेणार असाल तर घ्या, निसणीसकट घ्या. फक्त टॉवेल काढायला चढलात तर तिसऱ्या पायरीवर भार देऊ नका. ती मी 1984 साली आठळ्या चोरताना मोडलेली आहे.