२५ डिसेंबर आणि सॅटर्नेलिया : एक खुलासा

'२५ डिसेंबर हा मूळचा रोमन सॅटर्नेलिया सणाचा आणि मिथ्र देवाच्या जन्माचा दिवस, ख्रिश्चनांनी तो जसाच्या तसा उचलला,' असा मेसेज सध्या फिरतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला, म्हणून लिहितोय.

सॅटर्नेलिया १७ डिसेंबरला सुरू व्हायचा आणि पुढे लांबला तरी २३ च्या आसपास आटोपायचा. मिथ्राच्या जन्मतारखेचा तर एकही प्राचीन पुरावा नाही.

खरा धागा सापडतो तो रोममधल्या इ.स. ३५४ च्या पंचांगवजा वहीत. मूळ वही हरवली, नकला उरल्या. त्यात २५ डिसेंबरसमोर 'अजिंक्याचा जन्मदिवस' (बहुधा सूर्यदेवाचा) आणि रथांच्या ३० शर्यती अशी नोंद आहे. त्याच वहीतल्या दुसऱ्या यादीत त्याच तारखेला बेथलेहेममध्ये येशूचा जन्म. कोणी कोणाची तारीख घेतली, हे यावरून ठरत नाही. मेरीला येशूची गर्भधारणा २५ मार्चला झाली असं धरून त्यापासून नऊ महिने मोजून ही तारीख आली, असंही काही अभ्यासक मानतात, आणि मला त्यांचं म्हणणं दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही.

सणांवर जुन्या चालीरीतींची छाप असतेच, त्याबद्दल वाद नाही. पण हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्तीही टाका.