"बॅटरी मागे ठेवायचे एवढे पैसे?" या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ. तुमचा एक स्टारवाला रिव्ह्यू वाचला. वरूडच्या मंडीत संत्र्याने भरलेल्या गाडीला धक्का मारावा लागला, खेप उशिरा गेली, त्याबद्दल सॉरी. गाडी संध्याकाळी देतो म्हणून रात्री दिली तेही खरं, लाईट गेली होती, ड्रिल चालणार कशी, पण असो.

पण "बॅटरी फक्त इकडून तिकडे ठेवली, जाडी वायर टाकून साडेपाच हजाराचं बिल फुगवलं" हे जे लिहिलं ते लय लागलं. लोक दुकानात येऊन विचारून राहिले की काऊन भाऊ, वायरचे एवढे घेता का.

भाऊ, बॅटरी मागे घ्यायची हे तुमचंच म्हणणं होतं. इकडच्या उन्हाळ्यात बोनेटच्या गरमीने बॅटरी लवकर जाते हे बरोबरच आहे, मी नाही म्हटलं नाही. पण बॅटरी मागे डाल्याखाली (माल भरतो त्या भागाखाली) गेली की सेल्फपर्यंत (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरपर्यंत) चार मीटर वायर लागते आणि डिझेल गाडी सेल्फ मारताना 250-300 अँपिअर खेचते. तुम्ही पिशवीत जी वायर आणली होती ती 16 स्क्वेअर एमएमची, तेवढी वायर पक्क्या तांब्याची असली तरी तिच्यात सव्वा व्होल्ट रस्त्यातच खाल्ला जातो, मंग सेल्फ नुसता टक टक करते आणि लोक म्हणतात बॅटरी खराब. मी तांब्याची 50 स्क्वेअर एमएम टाकली, तिच्यात अर्धा व्होल्टपण जात नाही. आणि तुमची वायर मी ब्लेडने खरडून तुमच्यासमोरच दाखवली होती, वरून लाल, आतून पांढरी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तेवढ्याच जाडीत अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या जेमतेम 60 टक्के असते. तेव्हा तुम्हीच म्हणाले "बरं टाका तुमची". तांबं महाग आहे, ते काही मी महाग केलं नाही.

बाकी बिलात फ्यूज आहे तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर लावला, कारण वायर कुठे घासून चेसीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) लागली तर फ्यूज उडेल, नाहीतर गाडी पेटते. पत्र्याच्या भोकात रबर, वरून पाईप, सायलेन्सरपासून लांब क्लिपा, दाबून बसवलेले थिंबल (वायरच्या टोकाचे धातूचे कान), हे सगळं गाडीखाली वाकून पाहिलं तरच दिसते. वरून पाहणाऱ्याला बॅटरी इकडून तिकडेच दिसणार ना.

आता मंडीतली गोष्ट. तुमचा फोन आला तसा मी हातातलं काम सोडून आलो. चेसीवरचा अर्थिंगचा बोल्ट (करंट इथूनच बॅटरीत परत जाते) मी रंग खरडून, चकाकतं लोखंड काढून, दात्यावाला वॉशर टाकून आवळला होता. तो ढिला होता आणि त्याच्याखाली साऊंडच्या अ‍ॅम्प्लिफायरची काळी वायर कोंबलेली होती. ती मी लावली नाही, कोणी लावली ते तुम्हाला माहीत आहे. बोल्ट आवळला, पहिल्याच सेल्फला गाडी उठली, एक रुपया घेतला नाही, पेट्रोलपण माझं. हे रिव्ह्यूत कुठेच नाही. आणि बिल देताना पाचशे कमी दिले तेव्हाही मी काही बोललो नाही, घरचा माणूस समजून.

खेड्यातलं दुकान आहे भाऊ, माणसं एकमेकांना विचारूनच येतात. पहिले तोंडी सांगत होते, आता मोबाईलवर पाहतात, एका स्टारने फरक पडते.

यापुढे कामाच्या आधी वायर-फ्यूजचे भाव कागदावर लिहून द्यायचा विचार आहे, टायमाचंही पाहू काहीतरी. साऊंडसाठी अर्थिंगला वेगळा बोल्ट करून देतो, फ्यूजसकट, मजुरी नको. फक्त मंगळवारी येऊ नका, दुकान बंद असते. आणि त्या साऊंडवाल्यालाही सोबत आणा, त्याच्यासमोरच उघडून दाखवतो.