‘फॉरवर्ड केलं तर काय होतंय?’ आखातातल्या सायबर कायद्यांबद्दलचा चुकीचा मेसेज

आखातात नोकरीला असलेल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक दावा फिरत असतो: ‘सगळ्या अरब देशांत सायबर कायदा एकच. व्हीपीएन (इंटरनेटवरचा आपला खरा पत्ता लपवणारी सोय) लावला की तुरुंग. बाकी खरं लिहिलं किंवा नुसतं फॉरवर्ड केलं तर भीती नाही.’ तिन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि शेवटचं सगळ्यात घातक.

‘कायदा एकच’

अरब देशांनी २०१० साली कैरोत माहिती तंत्रज्ञानाच्या गुन्ह्यांविरुद्ध एक करार केला. खटला मात्र त्या त्या देशाच्या कायद्याखालीच चालतो: सौदीत २००७चा, ओमानमध्ये २०११चा, कतारमध्ये २०१४चा, जॉर्डनमध्ये २०२३चा. अमिरातीचा २००६चा कायदा २०१२ मध्ये बदलला आणि पुन्हा २०२१ मध्ये. आताचा २ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. इराकमध्ये २०११च्या मसुद्यावर वर्षानुवर्षं वादच चालले आणि खटले १९६९च्या दंडसंहितेखाली भरले गेले. दुबईत मिळालेला सल्ला मस्कतला लागू पडेल असं धरून चालू नका.

‘व्हीपीएन म्हणजे तुरुंग’

अमिरातीच्या कायद्याचं कलम १० व्हीपीएनवर सरसकट बंदी घालत नाही. गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी फसवा आयपी पत्ता (इंटरनेटवरची उपकरणाची ओळख) वापरला, तर कैद किंवा ५ लाख ते २० लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही आहे. ऑफिसच्या सर्व्हरला जोडलं जाणं त्यात येत नाही. घरी व्हॉट्सॲप कॉल लागत नाही म्हणून व्हीपीएन लावायचा मोह होतो; त्यापेक्षा बोटिमसारखं परवानगी असलेलं ॲप वापरा.

‘खरं असेल, किंवा फक्त फॉरवर्ड असेल, तर चालतं’

अमिरातीच्या कलम ५२ मध्ये खोटी बातमी तयार करणाऱ्याबरोबर ती पुन्हा पसरवणाराही येतो. शिक्षा किमान १ वर्ष कैद आणि १ लाख दिरहम. साथ किंवा आपत्तीच्या काळात किमान २ वर्षं आणि २ लाख. मूळ मेसेज कोणी लिहिला, हा बचाव तिथे टिकत नाही.

‘खरं’ हीसुद्धा ढाल नाही. कलम ४३ अपमानाबद्दल आहे: समोरच्याची नाचक्की होईल असं काही त्याच्या नावावर टाकणं. मजकूर खोटाच असला पाहिजे, अशी अट त्यात नाही. दंड अडीच ते ५ लाख दिरहम. थकलेल्या पगारासाठी मालकाचं नाव घेऊन फेसबुकवर लिहिणारा कामगार इथेच सापडतो: पगार खरंच थकलेला असतो, तरी आरोपी तोच होतो. हे अन्यायकारक आहे असंच आमचं मत आहे, पण कायदा आज तसाच आहे. ती तक्रार अमिरातीच्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या ॲपवर करा. करारपत्र आणि बँकेचं स्टेटमेंट जोडा.

सौदीच्या सायबर कायद्याचं कलम ६ आणखी सैल आहे. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’, ‘धार्मिक मूल्यं’ अशा शब्दांत काय बसवायचं ते फिर्यादी पक्ष ठरवतो. कमाल ५ वर्षं कैद आणि ३० लाख रियाल दंड.

फोटोंचंही तसंच. अपघातातल्या जखमींचे किंवा मृतांचे फोटो परवानगीशिवाय काढून पाठवणं अमिरातीच्या कलम ४४ मध्ये येतं. आजारी गाववाल्यासाठी किंवा मंडळाच्या वर्गणीसाठी ग्रुपवर खाते क्रमांक टाकणं निरुपद्रवी वाटतं, पण विनापरवाना देणगी मागणं हाही तिथे गुन्हाच. अशी मदत परवाना असलेल्या धर्मादाय संस्थेमार्फतच उभी करा.