वीस मिनिटं कापायला हवी होती

सिनेमा संपतो, पडद्यावर नावं सरकू लागतात, दिवे लागतात आणि तुमची खरी परीक्षा सुरू होते. आत दोन-अडीच तास नुसतं बसायचं होतं, ते कोणालाही जमतं. आता दारापर्यंत पोचायच्या आत मत तयार हवं. शेजारचा 'कसा वाटला?' असं विचारणारच. त्यावर चुकूनही 'आवडला' म्हणू नका. ते मत नव्हे, तो कबुलीजबाब झाला.

आधी चार पावलं गप्प चाला. डोक्यात काहीतरी मोठं शिजतंय असा चेहरा ठेवा. मग हलकासा सुस्कारा सोडून म्हणा, 'प्रयत्न चांगला आहे.' हे वाक्य कुठल्याही सिनेमाला बसतं आणि बोलणारा आपोआप परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसतो. दिग्दर्शकाने आयुष्याची चार वर्षं घातली असतील. तुम्ही त्याला उत्तेजनार्थ बक्षीस देऊन मोकळे.

त्यानंतर हुकमी वाक्य: 'वीस मिनिटं कापायला हवी होती.' दहा म्हणू नका, किरकोळ वाटतं. चाळीस म्हणालात तर समोरचा हिशेब मागेल. वीसला कोणी हरकत घेत नाही, ते का हे मला आजवर कळलेलं नाही. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर वीस मिनिटांच्या २८,८०० चौकटी होतात. जुन्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर मोजायला गेलात तर १,८०० फूट. एवढा ऐवज संकलकाच्या नजरेतून निसटला आणि तुमच्या नजरेत मात्र भरला, तोही मधे तीनदा फोन काढून बघितलेला असताना! माझा एक मित्र घरी सगळे सिनेमे दीडपट वेगाने बघतो आणि तरीही 'फार संथ आहे' म्हणतो. मी त्याला गुरू मानतो. कोणी खोदून विचारलंच, 'नेमकी कोणती वीस?', तर शांतपणे 'मधली' म्हणा. मधला भाग सगळ्याच सिनेमांना असतो.

अभिनयाबद्दल 'तो डोळ्यांनी बोलतो' एवढं पुरतं. इथे तुम्ही एकटे नाही. साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एका नटाचा तोच तो निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याशी, कधी शवपेटीशी जोडून दाखवला. प्रेक्षकांनी त्याची भूक वाखाणली, त्याचं दुःखही वाखाणलं, असं त्याचा शिष्य, दिग्दर्शक पुदोव्हकिनने लिहून ठेवलंय. चेहरा तसूभरही बदलला नव्हता. तेव्हा नटाने काय केलं याची फार फिकीर करू नका, कौतुक ठोकून द्या.

छायाचित्रणाला 'फ्रेम्स अप्रतिम' म्हणायचं. बस्स.

सिनेमा न पाहताही मत देता येतं, किंबहुना ते जास्त ठाम होतं. त्यासाठी समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचे टक्के पाठ करा. तिथले ९५ टक्के म्हणजे शंभरातल्या ९५ समीक्षकांना सिनेमा एकंदरीत बरा वाटला, इतकंच. सगळ्यांनी 'ठीक आहे, चालेल' म्हटलं तरी आकडा शंभरावर जातो. ही बारीक भानगड तुम्हाला ठाऊक असली तरी बोलून दाखवू नका. 'शंभरपैकी ९५ मिळालेत' असंच म्हणा, दहावीच्या मार्कांसारखं. समोरचा नमतो.

शेवटाचं तंत्र जरा नाजूक आहे. १९६०च्या 'सायको'साठी हिचकॉकने उशिरा येणाऱ्यांना आत घेऊ नका असा नियम केला आणि शेवट फोडू नका म्हणून प्रेक्षकांना गळ घातली. तुम्हीही शेवट सांगायचा नाही. फक्त म्हणायचं, 'मी काहीच सांगत नाही, तूच बघ. पण त्याच्या भावावर लक्ष ठेव.' समोरचा आता दोन तास कथेकडे न बघता भावाकडेच बघत बसेल. वर तुम्ही शब्द पाळलात तो पाळलातच.

सिनेमा पुस्तकावर बेतलेला असेल तर 'पुस्तकाची सर नाही' हे वाक्य पुस्तक न वाचलेल्यानेच म्हणावं. वाचलेली माणसं उगाच पात्रांची नावं आठवत बसतात.

आणि सगळा घोळका जर 'भिकार' म्हणत असेल, तर तुम्ही 'तो वरवर बघायचा सिनेमाच नाही' म्हणा. त्यात काय दडलंय ते सांगायची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. ज्याला दिसलं नाही त्याच्यावर येते.

एक अडचण मात्र उरते. कधीकधी एखादा सिनेमा दगा देतो. शेवटून दुसऱ्या प्रसंगात, कोणी काही बोलतही नसतं, एक म्हातारा नुसता दार लावून घेत असतो, आणि तुमचा घसा दाटून येतो. अशा वेळी घाबरू नका. दिवे लागायच्या आत डावी बाही डोळ्यांवरून फिरवा आणि ओला भाग आत जाईल अशी तिची घडी घाला. नाक ओढायचं तर संगीताचा आवाज चढलेला असताना ओढा. बाहेर पडताना चार पावलं गप्प चालायचं ते वर सांगितलंच आहे, तेवढ्यात आवाज पूर्ववत होतो. मग वीस मिनिटांचं म्हणा. फक्त त्यात तो म्हातारा धरू नका.